कर्मवीर अण्णासाहेब शिंदे : जमखंडी ते अहिल्याश्रम

जमखंडी हे गाव आजच्या नकाशात कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात सापडते. १९९७ पर्यंत ते विजापूर जिल्ह्यात होते. त्याही आधी, १९४८ पर्यंत, ते पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. संस्थान विलीन झाल्यावर गाव मुंबई राज्यात आले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. पाटी बदलली, कचेरीतील भाषा बदलली. पण घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ काही बदलला नाही. आपल्यापैकी अनेकांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

याच जमखंडीत २३ एप्रिल १८७३ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म झाला. महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांत त्यांचे नाव येते ते अस्पृश्यतानिवारणाचे कार्य करणारे महर्षी म्हणून, दोन-चार ओळींत. ते मूळचे कुठले, ही गोष्ट त्या ओळींत सहसा बसत नाही. कर्नाटकाच्या इतिहासात ते मराठी म्हणून मागे राहतात आणि मराठी इतिहासात फुले आणि आंबेडकर या दोन उत्तुंग नावांच्या मध्ये झाकले जातात. ज्या माणसाने आयुष्यभर दोन बाजूंच्या मध्ये उभे राहून काम केले, त्याच्या वाट्याला मरणानंतरही मधलीच जागा यावी, यात आश्चर्य नाही. परंतु त्या मधल्या जागेवरून त्यांनी काय केले आणि त्याची किंमत काय मोजली, हे आपण सीमेवरच्या माणसांनी तरी समजून घेतले पाहिजे.

घरातला विठोबा

वडिलांचे पूर्ण नाव रामजी बसाप्पा शिंदे. आजोबांच्या नावात बसव, वडिलांच्या नावात राम आणि मुलाचे नाव विठ्ठल! तीन पिढ्यांच्या या तीन नावांत कृष्णाकाठच्या त्या मुलखाचा सगळा धार्मिक इतिहास आला. रामजीबाबा पंढरीचे वारकरी. आई यमुनाबाई. घरची स्थिती बेताचीच होती, पण दारी आलेल्याची जात विचारून त्याला वागवण्याची रीत त्या घरात नव्हती. पुढे अण्णासाहेब ब्राह्मसमाजी झाले, मूर्तिपूजा सोडली, परदेशात धर्मशास्त्राचा अभ्यास केला. पण माणसाला देवासमोर उभे करताना त्याची जात विचारायची नाही, हा धडा त्यांना जमखंडीच्या घरातच मिळाला होता.

१८९१ साली मॅट्रिक झाल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकायला गेले. पैशाची ओढाताण मोठी होती. गंगारामभाऊ म्हस्के यांनी काढलेल्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची मदत मिळाली, पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचीही मिळाली. मिल आणि स्पेन्सर वाचून त्या काळच्या हुशार विद्यार्थ्यांप्रमाणे त्यांचीही जुनी श्रद्धा डळमळली. वारकऱ्याच्या घरातला मुलगा काही काळ संशयवादी झाला. ही अवस्था फार दिवस टिकली नाही. १८९८ साली ते बी.ए. झाले आणि त्याच सुमारास प्रार्थना समाजात दाखल झाले. वकिलीचा अभ्यास सुरू होता, तो मागे पडला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रार्थना समाजात त्या वेळी न्यायाधीश, प्राध्यापक, सरकारी अधिकारी यांचा भरणा होता. रविवारी उपासनेला यावे, उत्तम प्रवचन ऐकावे, आणि घरी जावे, असा तो शिस्तीचा समाज. धर्मप्रचाराला पूर्ण वेळ वाहून घेणारा पदवीधर तरुण मिळणे दुर्मिळ. शिंदे तसे निघाले. इंग्लंडमधील युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर त्यांची ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजसाठी निवड झाली आणि १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षे त्यांनी तेथे तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला. सयाजीरावांची शिष्यवृत्ती बडोदे संस्थानात नोकरी करण्याच्या अटीवर होती. पण धर्मकार्याला वाहून घेण्याचे ठरल्यावर महाराजांनी त्यांना त्या अटीतून मोकळे केले, शिवाय प्रवासखर्चालाही हात दिला. परतण्यापूर्वी १९०३ साली ॲम्स्टरडॅमला भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला.

परतल्यावर मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्रचारकाचे काम म्हणजे उपासना चालवणे, व्याख्याने देणे, ‘सुबोध पत्रिके’त लिहिणे आणि गावोगाव फिरणे. या फिरण्यातच त्यांनी महारवाडे, मांगवाडे जवळून पाहिले. एकेश्वरी धर्माचे प्रवचन एका वस्तीत आणि त्याच गावाच्या कडेला दुसरी वस्ती, जिथल्या माणसांना त्या प्रवचनाच्या अंगणातही येता येत नाही! १९०५ साली अहमदनगरजवळच्या भिंगार येथे महारवाड्यात रात्री भरलेल्या सभेला ते गेले होते. तिथल्या माणसांची तळमळ पाहून त्यांच्या मनाने कायमचा निश्चय घेतला. धर्माचे काम आणि अस्पृश्यतेचे काम ही दोन कामे नव्हेत, असे त्यांना त्या रात्रीनंतर वाटू लागले.

ऐन दिवाळीतला आरंभ

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी, ऐन दिवाळीत, मुंबईत परळ येथे एक शाळा उघडली. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये दिले होते. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर अध्यक्ष आणि विठ्ठल रामजी शिंदे सरचिटणीस. संस्थेचे नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी ऑफ इंडिया. मराठीत तिला भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी म्हणत.

हा पहिलाच प्रयत्न होता असे नव्हे. जोतीराव फुल्यांनी पुण्यात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या. मंगळूरला कुद्मुल रंगराव यांनी १८९७ सालीच याच नावाचे मिशन सुरू केले होते, आणि त्यासाठी स्वजातीचा बहिष्कारही सोसला होता. बडोदे संस्थानात सयाजीरावांच्या शाळा होत्या. शिंद्यांनी नवीन केले ते हे की, एका शहरापुरते असलेले काम त्यांनी देशभर जोडायला घेतले. १९०८ साली पुण्याची शाखा निघाली. पुढे मनमाड, अकोला, इंदूर, हुबळी, मद्रास अशी ठिकठिकाणी कामे उभी राहिली, आणि मंगळूरचे रंगरावांचे कामही या जाळ्याशी जोडले गेले. नावे वाचली तर कळते की, हे काम मराठी मुलखापुरते नव्हते. हुबळी-मंगळूरला माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे तर जमखंडीच्या मुलाला दुभाष्याची गरज नव्हती.

कामाची रीत पाहण्यासारखी होती. आधी शाळा. शाळेत मुले टिकेनात, कारण आई-बाप गिरणीत नाहीतर मजुरीला, म्हणून वसतिगृह. शिकून पुढे काय, म्हणून शिवणकाम, पुस्तकबांधणी असे उद्योगशिक्षण. आजारपणात घरोघर जाणाऱ्या सेविका. आणि या सगळ्याच्या मध्यभागी भजन आणि उपासना. मिशनच्या उद्दिष्टांत शिक्षण, कामधंदा आणि सामाजिक अडचणींचे निवारण यांच्या बरोबरीने उदार धर्माची तत्त्वे, व्यक्तीचे शील आणि चांगले नागरिकत्व यांचाही स्पष्ट उल्लेख होता. दया म्हणून दिलेले दान आणि उपासना म्हणून केलेली सेवा यांत शिंदे फरक करीत. दान देणारा वरच्या पायरीवर उभा असतो. उपासनेला बसलेले सारे एकाच जमिनीवर बसतात.

बोलण्यापुरते हे कोणीही बोलेल. शिंद्यांनी आपले घरच त्या जमिनीवर नेले. वृद्ध रामजीबाबा, पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाक्का, सारे मिशनच्या कामात ओढले गेले. जनाक्काची कथा तर वेगळी सांगावी अशी आहे. सासरी निभाव न लागलेली ही मुलगी भावाच्या आग्रहाने पुण्यात शिकली आणि पुढे मिशनच्या स्त्री-सेविकांत उभी राहिली. आपल्याकडे समाजसुधारकांची चरित्रे वाचताना घरातल्या बायकांना काय सोसावे लागले, हे पान नेहमी कोरे असते. सोवळ्या-ओवळ्याच्या काळात मराठा घराण्यातील सून अस्पृश्य वस्तीच्या शेजारी संसार मांडते, तेव्हा नातलगांची दारे तिच्यासाठी बंद होतात. रुक्मिणीबाईंनी ती बंद दारे पाहिली. व्याख्यानांच्या टाळ्या काही त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत.

१९१० साली मुंबई प्रार्थना समाजाशी मतभेद होऊन शिंद्यांनी प्रचारकपद सोडले. श्रद्धा सोडली नाही, पद सोडले. त्यानंतर पुणे हे कामाचे केंद्र झाले. भोकरवाडीत जागा मिळाली. इमारतीसाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी वीस हजार रुपये दिले आणि अहिल्याबाईंच्या नावाने अहिल्याश्रम उभा राहिला. इंदूरच्या मराठी माणसाने पुण्यात गेल्यावर शनिवारवाड्याबरोबर ही वास्तूही पाहावी.

टाळ्या आणि सही

१९१२ साली पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. अनेक जातींची माणसे एका पंक्तीला जेवली. आज याची बातमीही होणार नाही. त्या पुण्यात ती मोठी घटना होती. मग शिंद्यांनी राजकीय पुढाऱ्यांच्या मागे लागून, त्यांच्या सभांत हा प्रश्न नेला. काँग्रेस हे राजकारणाचे व्यासपीठ आहे, समाजसुधारणेचे नव्हे, असे म्हणून तीस वर्षे हा विषय बाहेर ठेवला गेला होता. डिसेंबर १९१७ मध्ये कलकत्त्याला ॲनी बेझंट अध्यक्ष असताना काँग्रेसने अस्पृश्यांवरील जाचक बंधने दूर करण्याचे आवाहन करणारा ठराव मंजूर केला. त्यामागे शिंद्यांची अनेक महिन्यांची खटपट होती.

लगेच मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषद झाली. लोकमान्य टिळक तेथे आले. देवाला अस्पृश्यता चालत असेल, तर अशा देवाला मी देव मानणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार पुढे घरोघर पोचले. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु परिषदेने एक जाहीरनामाही काढला होता. आपण स्वतःच्या रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशी त्यात प्रतिज्ञा होती. त्यावर टिळकांची सही झाली नाही. शिंद्यांच्या आयुष्याचे सार कोणी एका प्रसंगात मागितले, तर हा सांगावा. ते भाषणे गोळा करीत नव्हते; सह्या गोळा करीत होते. घरच्या माजघरापर्यंत जाणारी सही त्यांना हवी होती. ती देणारे थोडेच निघाले.

प्रतिनिधी कोणी निवडायचा?

येथवरची कथा कौतुकाने सांगता येते. पुढची सांगताना थोडे थांबावे लागते.

१९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्षी झाल्या. अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी कायदेमंडळात कसे यावेत, हा प्रश्न होता. मिशनची सूचना अशी होती की, ते प्रतिनिधी निवडून आलेल्या इतर सभासदांकडून घेतले जावेत. त्याच समितीपुढे सिडनहॅम कॉलेजातील एका तरुण प्राध्यापकाने या सूचनेवर कडक टीका केली. आमच्या माणसांचा प्रतिनिधी आमच्या माणसांनीच निवडला पाहिजे, दुसऱ्यांनी नव्हे, हा त्याचा मुद्दा. तो प्राध्यापक म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

दोघांच्याही वडिलांचे नाव रामजी, हा योगायोग सोडून देऊ. मतभेद खरा होता, आणि आज मागे वळून पाहताना या मुद्द्यावर आंबेडकरांचीच बाजू बळकट होती, हे मान्य केले पाहिजे. शिंद्यांची भीती प्रामाणिक होती. वेगळे मतदारसंघ झाले की स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यातली भिंत कायद्याने पक्की होईल, असे त्यांना वाटे. सगळ्यांनी एका जमिनीवर बसण्याचे त्यांचे स्वप्न त्यामुळे मोडणार होते. पण ज्याला शतकानुशतके त्या जमिनीवर येऊच दिले नाही, त्याने आपली खुर्ची आधी पक्की करून मागितली, तर त्यात गैर काय? दुसऱ्यासाठी जीव ओतून काम करणाऱ्यालाही एक गोष्ट उमगायला वेळ लागतो : आपण त्याच्यासाठी बोलतो तोवर त्याचा आवाज ऐकू येत नसतो.

स्वतःच्या जातीबाबत मात्र शिंद्यांनी वेगळे मतदारसंघ न मानण्याची किंमत रोख मोजली. १९२० च्या निवडणुकीत पुण्यात मराठ्यांसाठी राखीव जागा होती. ती त्यांना सोपी गेली असती. ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. मराठे म्हणाले, हा आपला राहिला नाही. ब्राह्मणेतर पुढारी म्हणाले, हा काँग्रेसवाल्यांच्या नादी लागला. सनातनी तर आधीपासूनच म्हणत होते की, हा बाटला. आणि ज्यांच्यासाठी घरदार वेचले, त्यांच्यातील नवी शिकलेली पिढी म्हणू लागली की, आमची संस्था आता आम्हीच चालवतो.

ही शेवटची मागणी सर्वांत जिव्हारी लागणारी, आणि सर्वांत न्याय्य. सतरा वर्षे उभारलेले काम १९२३ साली अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपवून शिंदे बाजूला झाले. त्यात मनस्ताप नव्हता, असे म्हणणे खोटे होईल. पण विश्वस्तांच्या खुर्च्या अडवून, कोर्टकचेऱ्या करून त्यांनी ते लांबवले नाही. संस्था काढणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. संस्था ज्यांची त्यांना देऊन उठणारे फार थोडे. पुढच्याच वर्षी, १९२४ च्या मार्चमध्ये, परळच्याच दामोदर हॉलमध्ये आंबेडकरांनी बोलावलेली सभा झाली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मली. ज्या परळात अठरा वर्षांपूर्वी दिवाळीत शाळा उघडली होती, तेथे आता माणसे आपला प्रश्न आपण मांडू लागली होती. शाळेचे काम याहून वेगळे काय असते?

पुन्हा उपासनेकडे

मिशन सुटल्यावर शिंदे मंगळूरला ब्राह्मसमाजाचे आचार्य म्हणून गेले. पुन्हा कन्नड मुलूख. तेथे असतानाच १९२४ साली त्रावणकोरमधील वैकोमचा सत्याग्रह सुरू होता. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्याचा हक्क मिळावा, एवढीच तेथील माणसांची मागणी होती. शिंदे तो पाहायला आणि पाठिंबा द्यायला गेले. पुण्यात परतल्यावर त्यांनी कौटुंबिक उपासनेची चळवळ धरली; नवरा, बायको, मुले यांनी मिळून घरी प्रार्थना करावी. मोठमोठ्या परिषदा भरवून झाल्यावर हा माणूस पुन्हा माजघराशीच आला होता.

शेतकऱ्यांचे प्रश्नही त्यांनी हाती घेतले. १९२८ साली लहान शेतजमिनींसंबंधीच्या विधेयकाविरुद्ध शेतकऱ्यांच्या परिषदेत ते पुढे होते. १९३० च्या कायदेभंगात वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात प्रकृती कायमची खचली. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेची मुळे शोधण्यासाठी त्यांनी इतिहास, भाषा, धर्म आणि प्रत्यक्ष प्रवासातील निरीक्षणे एकत्र आणली होती. आधी काम आणि मग ग्रंथ, हा क्रम आपल्या विद्वानांत क्वचितच दिसतो. मराठी आणि कन्नड यांच्या नात्याचाही त्यांनी अभ्यास केला. एका भाषेचा अभिमान बाळगायला दुसरीला परकी ठरवावे लागते, असे या जमखंडीकराला कधी वाटले नाही.

२ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे कितीतरी वर्षे त्यांची आठवण मोजक्या मंडळींनीच ठेवली. गो. मा. पवार यांनी दीर्घ संशोधनाने त्यांचे समग्र चरित्र लिहिले, त्याला २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मग पुन्हा थोडी चर्चा झाली.

आपल्या सीमाभागात, आणि इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्यासारख्या ठिकाणीही, मराठी माणसांनी पुष्कळ संस्था उभ्या केल्या. वाचनालये, शिक्षण मंडळे, गणेशोत्सव, भजनी मंडळे. आपली भाषा, आपली शाळा, आपला कारभार आपल्या हाती असावा, ही मागणी आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. दुसऱ्या कोणी, कितीही सद्‌हेतूने, आपल्या वतीने निर्णय घेतला की काय वाटते, ते आपण जाणतो. तेव्हा अण्णासाहेबांची १९२३ ची कृती आपल्याला सर्वांत आधी कळायला हवी. आपल्या या संस्थांच्या कार्यकारिणीत गावाच्या त्या दुसऱ्या वस्तीतली किती नावे आहेत? या दिवाळीत वार्षिक सभेचे इतिवृत्त काढून ती यादी एकदा वाचून पाहावी. भाषणांचे राहू द्या. सह्या कोणाकोणाच्या आहेत, ते पाहावे.